व्हॉल्व्ह बदलल्यानंतर 'ती' गोळी चालते का?

घड्याळवाला
या प्रश्नासाठी वेगळा आयडी काढला आहे. जुन्या आयडीने इथे बरेच जण ओळखतात, आणि पुढच्या वेळी भेटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत हा धागा दिसायला नको.

वय ५४. चौदा महिन्यांपूर्वी एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप) बदलला. छाती उघडून ऑपरेशन, मेकॅनिकल व्हॉल्व्ह. हृदयाच्या रक्तवाहिन्या साफ होत्या, बायपास नाही. मधुमेह नाही. गोळ्या: वॉरफेरिन (रक्त पातळ करणारी), मेटोप्रोलोल (बीटा ब्लॉकर, ठोके आणि बीपी आवरणारी), रॅमिप्रिल (बीपीची). आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचं माप) बहुतेक वेळा २ ते ३ च्या मध्ये असतो. रोज तासभर चालतो, दम लागत नाही. सगळं पूर्ववत झालं, एक सोडून. इच्छा आहे, पण शरीर साथ देत नाही. कधी सुरुवातच होत नाही, कधी मध्येच गळपटतं.

एका मित्राने सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) ५० ची पट्टी हातात ठेवली. तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडून आहे. नेटवर शोधलं तर अर्धे म्हणतात व्हॉल्व्हवाल्यांनी हातही लावू नका, अर्धे म्हणतात खुशाल घ्या. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी "आणखी काही शंका?" असं विचारलं होतं. शेजारी बायको, मागे मुलगा. मी म्हणालो, "काही नाही."

कुणी अशा परिस्थितीतून गेलं आहे का? भीती नेमकी कशाची बाळगायची: व्हॉल्व्हची, रक्त पातळ करणाऱ्या गोळीची, की आणखी कशाची?

खुळखुळा
विषय गंभीर आहे म्हणून गप्प बसतो. पण आयडी जबरी निवडलाय राव.

गोळीगणित
औषधांच्या काउंटरमागे पंधरा वर्षं काढली आहेत, त्या अनुभवावर लिहितो. मी डॉक्टर नाही.

तुमच्या यादीत मला आधी एकच गोष्ट शोधायची होती, ती दिसली नाही: नायट्रेट. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, नायट्रोग्लिसरिनचा स्प्रे, रोज घ्यायची मोनोनायट्रेट, त्वचेवर लावायचा पॅच, सगळं त्यात आलं. निकोरँडिलही त्याच पंगतीतलं. यांच्याबरोबर सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल यांपैकी काहीही घ्यायचं नाही. डोस कमी करून नाही, अर्धी तोडून नाही.

कारण साधं आहे. नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यातून सीजीएमपी नावाचं रसायन वाढतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. ते रसायन मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, पीडीई-५. ही गोळी नेमकं त्यालाच अडवते. म्हणजे एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने मोरीला बोळा मारायचा. बीपी इतकं कोसळू शकतं की माणूस उठूच नये.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सिल्डेनाफिल घेतलं असेल तर पुढचे २४ तास आणि टाडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. संबंधाच्या वेळी छातीत दुखायला लागलं तर थांबायचं, दवाखाना गाठायचा आणि आल्या आल्या "ही गोळी घेतली आहे" हे सांगायचं. लाज तिथे जीव घेते.

वॉरफेरिनबद्दल: कंपनीच्या माहितीपत्रकानुसार सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलने वॉरफेरिनच्या परिणामात लक्षणीय फरक पडत नाही. मात्र फुप्फुसातल्या दाबासाठी जे सिल्डेनाफिल रोज घेतात, त्यांच्यापैकी वॉरफेरिनसारखी गोळीही चालू असलेल्यांत नाकातून रक्त येण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. तेव्हा नाक, हिरड्या यांच्याकडे लक्ष असू द्या.

शंकासुर
इतक्या सहज हिरवा कंदील दाखवू नका. स्पेनमध्ये व्हॉल्व्हच्या रुग्णांवरच सिल्डेनाफिलची चाचणी झाली होती, नाव सायोव्हॅक. २०० रुग्ण, निकाल २०१८ मध्ये युरोपियन हार्ट जर्नलमध्ये आला. औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यांपेक्षा सिल्डेनाफिल मिळालेल्यांत प्रकृती बिघडलेल्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. हार्ट फेल्युअरने भरती होणारेही जास्त. हे वाचूनही कुणी घेणार असेल तर त्याची मर्जी.

घड्याळवाला
झालं. पट्टी कचऱ्यात टाकतो.

भूलवाला
थांबा. निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. व्हॉल्व्ह बदलायच्या ऑपरेशनांत आयुष्य गेलं, टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला बसून. शंकासुर यांनी दिलेली माहिती खरी आहे, तिचा अर्थ मात्र इथे लागू होत नाही. त्या चाचणीतले रुग्ण कोण होते? व्हॉल्व्हची दुरुस्ती वा बदल होऊन वर्ष उलटलं तरी ज्यांच्या फुप्फुसातल्या धमन्यांचा दाब चढाच राहिला होता, असे. डोस किती? ४० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सहा महिने. आठवड्यातून एकदा गरजेपुरती अर्धी गोळी घेणारा माणूस त्यात नव्हताच. त्या चाचणीतून घ्यायचा धडा असा की व्हॉल्व्हनंतर उरलेला फुप्फुसातला दाब उतरवायला हे औषध रोज देऊ नये. आणि धागाकर्त्यांनी आपल्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये तो दाब किती लिहिलाय ते बघून ठेवावं, हा दुसरा.

आता 'व्हॉल्व्हवाल्यांनी हात लावू नये' हे कुठून आलं? माहितीपत्रकात एक इशारा असतो: एओर्टिक व्हॉल्व्ह अरुंद झालेला असेल तर रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं जपून. कारण अरुंद दारातून हृदय ठरावीकच रक्त बाहेर ढकलू शकतं. बाहेरच्या नळ्या अचानक रुंदावल्या की दाब पडतो, आणि तो भरून काढायला जास्तीचं रक्त येणार कुठून? पण ऑपरेशन करून आपण ते अरुंद दारच बदलतो! इशारा जुन्या दारासाठी होता. लोक दार बदलल्यावरही पाटी तशीच लटकवून ठेवतात.

म्हणून खरे प्रश्न असे. नवा व्हॉल्व्ह नीट उघडतो-मिटतो का, हृदयाची पंपिंगची ताकद किती आहे, बसल्या जागी बीपी किती, नायट्रेट नाही ना. ही उत्तरं शेवटच्या इकोत आणि तुमच्या डॉक्टरांकडे आहेत. मित्राच्या पट्टीवर छापलेली नसतात.

शंकासुर
@भूलवाला, चाचणीतले रुग्ण वेगळे होते हे मान्य. घाईत लिहिलं. पण मग उलटही विचारतो: व्हॉल्व्ह बदललेल्या पुरुषांनी कधीमधी गोळी घेतली तर काही होत नाही, हे तरी कुठल्या मोठ्या चाचणीत दिसलं?

भूलवाला
प्रश्न रास्त आहे. या बाबतीतला सल्ला बराचसा तज्ज्ञांच्या एकमतावर उभा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये हृदयविकार आणि लैंगिक संबंध यावर निवेदन काढलं. त्यात नीट चालणारा कृत्रिम व्हॉल्व्ह असलेल्यांना संबंधांची मुभा आहे, आणि व्हॉल्व्हचा गंभीर वा त्रासदायक विकार असेल तर आधी उपचार करून घ्या असं म्हटलंय. गोळीच्या बाबतीत सगळा जोर नायट्रेटवर. तुमच्यासारखा शंकेखोर विद्यार्थी वर्गात असला की शिकवणाऱ्याला घाम फुटतो, पण वर्ग जागा राहतो.

खुळखुळा
शंकासुराने चूक कबूल केली! वाचनखूण साठवली.

सांजवात
बायकोच्या बाजूने कुणी लिहिलेलं दिसत नाही म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याचा व्हॉल्व्ह बदलून सहा वर्षं झाली, मेकॅनिकलच. ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण शांत खोलीत तो आवाज येतो. टिक, टिक. सुरुवातीला मला त्याने झोप लागत नसे, नंतर त्याच्याशिवाय लागेना. पण जवळ आलो की तो आवाज भरभर व्हायला लागायचा, आणि माझे कान तिकडेच. मनात मोजणी चालू. एवढा जोरात? थांबावं का? एखादा ठोका चुकला का? माझे हात गार पडायचे, ते त्यांना जाणवायचं, त्यांना वाटायचं हिला मी नकोसा झालो. आणि मग सगळं तिथेच संपायचं. दोघंही दुसऱ्याला जपत होतो आणि दोघंही पाठ करून झोपत होतो. दीड वर्ष असं गेलं.

शेवटी तपासणीच्या वेळी मीच विचारलं. हे खाली बघत बसले होते. डॉक्टरीणबाईंनी जराही चेहरा न बदलता सांगितलं की कुठल्याही निरोगी माणसाचं हृदय अशा वेळी वेगाने चालतं, फक्त त्याचा आवाज बाहेर येत नाही. तुमच्याकडे येतो, एवढाच फरक. या एका वाक्याने माझं निम्मं ओझं उतरलं. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी गोळी लिहून दिली, ती पाच-सहा वेळा लागली असेल.

घड्याळवाला, तुम्ही "काही नाही" म्हणालात तेव्हा शेजारी बसलेल्या बाईंच्या मनात काय होतं, हे विचारलंत का कधी?

पानगळ
सांजवात, +१. वाचून थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

जिनेचढू
माझं वय ६८, टिश्यू व्हॉल्व्ह (प्राण्याच्या ऊतीपासून केलेला), तीन वर्षं झाली. त्यामुळे आवाज नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळीही सुरुवातीचे महिने घेऊन सुटली. छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे, हातांवर भार टाकायचा नाही अशी तंबी होती. 'कुठल्याही कारणासाठी' असं डॉक्टर दोनदा म्हणाले. कारण मी समजलो.

नंतर मी विचारलं की हृदय तयार आहे हे ओळखायचं कसं. ते म्हणाले, दोन मजले झपाझप चढा. छातीत दुखलं नाही, भलता दम लागला नाही, तर हृदयाला या कामाचा भार सोसेल. श्रमाच्या मापात हे काम ३ ते ५ मेट्समध्ये बसतं, दोन जिने चढण्याइतकंच. मी इतका उत्साही की चार मजले चढलो, आणि वर पोचल्यावर कशासाठी आलो तेच विसरलो.

माझ्या गोळीत वेगळीच अडचण निघाली. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू होतं. तेही रक्तवाहिन्या थोड्या सैल करतं. म्हणून २५ पासून सुरुवात, दोन्ही गोळ्या एकदम नाहीत, आणि घेतल्यावर ताडकन उठायचं नाही. पहिल्या वेळी नाक चोंदलं, चेहरा लाल, डोकं जड. तेवढंच.

निसर्गप्रेमी
एवढी रसायनं कशाला? शुद्ध जडीबुटीच्या कॅप्सूल मिळतात, साइड इफेक्ट शून्य. माझ्या साडूला तासाभरात फरक.

गोळीगणित
@निसर्गप्रेमी, तासाभरात? मग त्या जडीबुटीत काय असेल याचा अंदाज मी काउंटरमागूनच बांधतो. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये न सांगता सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल मिसळलेलं असतं, आणि अमेरिकेचं औषध नियामक खातं एफडीए त्याबद्दल वर्षानुवर्षं इशारे काढत आलंय. किती मिसळलंय हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. त्यात जो नायट्रेट घेतो त्याला आपण काय घेतलंय याचा पत्ताही नसतो. वॉरफेरिनवाल्याने तर अनोळखी वनस्पतींपासून चार हात लांबच राहावं, आयएनआर कुठल्या कुठे जातो.

साडूंना बीपी तपासायला सांगा. हलके घ्या, पण खरंच सांगा.

पानगळ
मूळ प्रश्नाकडे वळतो. मेटोप्रोलोलकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. बीटा ब्लॉकरने हा त्रास होतो असं मीही ऐकून होतो, आणि ऐकल्यापासून मला तो व्हायलाच लागला. मग एक अभ्यास हाती लागला, २००३ चा, इटलीतला. ९६ पुरुष, हृदयविकाराचं नवं निदान, आधी अशी तक्रार नसलेले. सगळ्यांना ॲटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर दिला. एका गटाला कुठलं औषध आहे ते सांगितलंच नाही: ३.१ टक्क्यांना त्रास. दुसऱ्या गटाला नाव सांगितलं: १५.६ टक्के. तिसऱ्याला नावही सांगितलं आणि 'यामुळे ताठरतेवर परिणाम होऊ शकतो' हेही: ३१.२ टक्के. गोळी तीच! पुढची गंमत म्हणजे ज्यांना त्रास झाला त्यांना सिल्डेनाफिल किंवा खोटी गोळी दिली. एक जण सोडला तर दोन्हींनी सारखाच गुण आला.

म्हणून घड्याळवाले, मेटोप्रोलोल मनाने बंद करू नका. पण डॉक्टरांशी बोलताना तेही विषयात घ्या. माझी बदलून नेबिवोलोल केली. फरक गोळीने पडला की बदलल्याच्या समाधानाने, मला ठाऊक नाही आणि मी शोधायलाही जाणार नाही.

शंकासुर
म्हणजे आता हा धागा वाचणाऱ्या प्रत्येक बीटा ब्लॉकरवाल्याला आजपासून त्रास सुरू. धन्यवाद पानगळ.

खुळखुळा
अवांतर: नायट्रोग्लिसरिन म्हणजे डायनामाइटमधलंच ना? ते औषध म्हणून खायचं?

भूलवाला
तेच. डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेलला आयुष्याच्या शेवटी हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिनच लिहून दिलं होतं. हा दैवाचा खेळ आहे असं त्याने १८९६ मध्ये एका पत्रात म्हटलं. पुढे १९९८ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं ते नायट्रिक ऑक्साइडच्या कामाला, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना. त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिलला अमेरिकेत मान्यता मिळाली. तेही मुळात अंजायनासाठीच (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) तपासलं जात होतं. ज्या दुखण्यासाठी शोधलं, त्याच दुखण्याच्या जुन्या औषधाशी त्याचं हाडवैर निघालं.

खुळखुळा
नोबेलच्या इस्टेटीतून नोबेलच्या स्फोटकाच्या धुराला नोबेल. डोकं गरगरलं, आणि मी तर गोळीही घेतलेली नाही.

गोळीगणित
@घड्याळवाला, एक राहून गेलं. तुम्ही रोजच्या गोळ्यांची यादी दिलीत. रोजची नसलेली? पाकिटात, गाडीत, ऑफिसच्या खणात, प्रवासाच्या बॅगेत, 'असू दे वेळेला' म्हणून ठेवलेली? लोक ती औषधांत धरत नाहीत. एकदा बघून घ्या.

घड्याळवाला
दोन दिवस इथे आलो नाही, कारण वरचा प्रतिसाद वाचून उठलो आणि पाकीट उघडलं.

आतल्या कप्प्यात चपटी झालेली एक पट्टी. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ५, जिभेखाली ठेवायची. व्हॉल्व्हचं निदान व्हायच्या आधी चालताना छाती दाटायची, तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी दिली होती. ऑपरेशनपूर्वी दोन-तीनदा घेतली, नंतर कधीच नाही. तीन पाकिटं बदलली, पण प्रत्येक वेळी नोटांबरोबर तीही नव्या पाकिटात गेली. बायकोच्या पर्समध्येही एक निघाली. तिने 'यांच्या छातीत दुखलं तर' म्हणून जपून ठेवली होती.

आता विचार करा. मी गोळी घेतली असती, धडधडीला घाबरून छातीवर हात ठेवला असता, आणि तिने जे शिकवलं होतं तेच प्रेमाने केलं असतं.

त्या रात्री ती दुसरी पट्टी का शोधतोय हे सांगावं लागलं. मग बाकीचंही सांगितलं. सांजवात, तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. ती म्हणाली, मी पण मोजते.

सांजवात
वाटलंच होतं.

गोळीगणित
अंगावर काटा आला. डॉक्टरांना विचारून दोन्ही पट्ट्यांचा निकाल लावा, आणि तोवर मित्राच्या पट्टीला हात नको.

घड्याळवाला
आज जाऊन आलो, दोघंच. धाग्यातले सगळे प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले होते. डॉक्टरांनी चिठ्ठी मागून घेतली आणि विचारलं, "हे कुणी काढून दिलं?" मी म्हणालो, मित्रांनी. बायको खिडकीबाहेर बघत होती.

इको पुन्हा केला. व्हॉल्व्ह नीट, पंपिंग नीट, फुप्फुसातला दाब नॉर्मल. ट्रेडमिलवर चालवलं, ईसीजीत काही नाही. जिभेखालच्या गोळीची आता गरज नाही, दोन्ही पट्ट्या तिथेच ठेवून घेतल्या. बीपी ११० च्या आसपास असल्याने सिल्डेनाफिल २५ पासून सुरुवात, २४ तासांत एकदाच. चक्कर आली तर आडवं व्हायचं. छातीत दुखलं तर थेट दवाखाना. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं किंवा ताठरता चार तास उतरली नाही, तरी तेच. मेटोप्रोलोलचा निर्णय पुढच्या भेटीत. गोळीने काम झालं नाही तर लिंगात टोचायच्या इंजेक्शनचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर सुई टोचली की तिथे रक्त साकळण्याचा धोका जास्त, तो विचार लगेच नको.

मित्राची पट्टी त्याला परत केली. त्याला बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे असं आज कळलं, तेव्हा हा धागा त्यालाही पाठवला.

पुढचा अहवाल मागू नये.

खुळखुळा
अहवाल नको, फक्त टिकटिक चालू आहे एवढं अधूनमधून कळवा.

वाचनमात्र
आठ वर्षं इथे वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. माझा माइट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप), मेकॅनिकल, आयएनआरचं लक्ष्य ३. ठोके अनियमित आहेत त्यासाठी वेगळी गोळी, आणि निकोरँडिल चालू आहे, ते नायट्रेट नाही म्हणून मी निर्धास्त होतो. वर दुसऱ्याच प्रतिसादात त्याचं नाव वाचलं. टाडालाफिल गेल्या शनिवारी घेतलं होतं. वेगळा धागा काढू का?

गोळीगणित
धागा नंतर. आधी डॉक्टरांना फोन करा, आत्ता. त्यांनी सांगेपर्यंत टाडालाफिल पुन्हा नाही, आणि निकोरँडिल मनाने बंद करायचं नाही.